वळण लावणारी मंडळी

लाकूड तासलं की ढलप्या पडतात. दुसऱ्याचं भलं करायला चार शहाणी माणसं एकत्र बसली की किस्से पडतात. ढलप्या निदान चुलीला लागतात. किस्से नुसते साठत राहतात. माझ्याकडे ढीग झालाय. परवा कमरीपेठेत आमच्या दुकानाच्या फळीवर बसून दोघातिघांना सांगितले, तर एकजण म्हणाला, "अण्णा, हे लिहून ठेवा की!" मी तीन इयत्ता शिकलेला माणूस. बैलगाडीची नि टांग्याची चाकं करण्यात जन्म गेला. पण ज्याला गोल चाक करता येतं, त्याला चार ओळी सरळ लिहायला काय अवघड आहे? लिहितो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. हुबळीत काही मोठ्या माणसांनी एक मंडळ काढलं. गरीब आणि होतकरू तरुणांना वळण लावायचं, त्यांना मार्गदर्शन करायचं. तेही फुकट. दर रविवारी सकाळी वकीलसाहेबांच्या पुढच्या सोप्यात बैठक. मंडळात मुख्य माणसं तीन. वकीलसाहेब अध्यक्ष. एक पेन्शनर मामलेदार. एक शाळामास्तर. चौथा मी.

मला कशाला घेतलं? "कमिटीत एक कारागीर असला की रिपोर्टात बरं दिसतं," असं वकीलसाहेबांनी माझ्या तोंडावर सांगितलं.

मी म्हटलं, "दिसायला येतो. पण बोलणारही."

मी विनोद केला असं वाटून सगळे हसले!

* * *

पहिल्या रविवारी बारा मुलं आली. एकेका मार्गदर्शकानं तीन-तीन घ्यायची. बाजारात वांगी निवडावीत तशी निवड सुरू झाली. मामलेदार म्हणाले, "धोतर स्वच्छ असलेली तीन इकडे या." मास्तरांनी इंग्रजी वाचता येणारी तीन उचलली. वकीलसाहेबांनी यादी वाचली, तर पहिलंच नाव त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं! ह्या पुतण्याच्या पायात तेव्हा नवे बूट होते आणि तोंडात विडा.

मी विचारलं, "हा गरीब कधीपासून?"

"होतकरू आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"मंडळ गरीब आणि होतकरू मुलांसाठी आहे ना?"

"मिस्त्री, दोन्ही एकाच मुलात असायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

निवडून उरली ती तीन माझी. त्यातला एक अळणावरकडचा, परशराम नावाचा. घरची माणसं लाकडाच्या अड्ड्यावर ओंडके वाहणारी. थोरल्या भावाच्या पायावर ओंडका आला नि पाय गेला. म्हणून आईनं ह्याला हुबळीला मावशीकडे पाठवलेलं. मामानं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर मी येऊन घेऊन जाणार. घेऊन जाणार म्हणजे अड्ड्यावर.

धारवाडात तेव्हा कारागिरीची एक शाळा होती. सुतारकाम शिकवायचे, राहणं-जेवण तिथंच. मंडळाच्या शिफारशीवर दर वर्षी एका मुलाला तिथं फुकट जागा मिळायची. परशा पहिल्या दिवशी एवढंच बोलला, "अण्णा, ती जागा मिळाली तर मी वाचलो."

मीच ठेवून घेतला असता. पण मोटारी आल्यापासून चाकांचं काम माझ्या दोन पोरांनाच पुरेना.

* * *

वकीलसाहेब मुलांना इंटरव्ह्यूची तयारी शिकवायचे. जन्मभर त्यांनी साक्षीदार पढवलेले. त्यांना दुसरं काय येणार? मुलांना ओळीनं उभं करून म्हणायचे, "नियम पहिला. विचारतील तेवढंच सांगायचं. नियम दुसरा. विचारतील तेही होता होईल तो सांगायचं नाही. पेच वाटला की म्हणायचं, आठवत नाही."

त्यांच्या तिघांतला एक मुलगा कापसाच्या अडत्याकडे कारकुनीसाठी गेला. अडते साधे, देवभोळे गृहस्थ. त्यांनी बसायला पाट दिला आणि विचारलं, "वडलांचं नाव काय, बाळ?"

"कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"बरं. कापसाचं काम कधी केलंयस?"

"आत्ता आठवत नाही."

अडत्यांना वाटलं पोराला मराठी कळत नसेल. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, कन्नड येतं का? त्यावर मुलानं अस्सल, खणखणीत कन्नडमध्ये उत्तर दिलं, "खात्रीनं सांगता येणार नाही!"

अडत्यांनी पोराला ताक पाजलं आणि सोबत माणूस देऊन घरी पोचवलं. डोक्यात काही बिघाड असावा, वाटेत जपा, असा निरोपही दिला.

आम्हाला वाटलं वकीलसाहेब शरमेनं खाली बघतील. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? एवढा अनुभवी माणूस, पण पोराच्या तोंडून एक शब्द काढता आला नाही त्याला!"

* * *

मामलेदारांनी मंडळाला आपला जुना कोट दिला. काळा, अल्पाकाचा. नोकरी मागायला जाणाऱ्या मुलानं तो घालायचा आणि परत आणून द्यायचा. डोक्याला पांढरी टोपी नाही, काळीच. "पांढरी दिसली की साहेबाचं डोकं फिरतं," असं ते बजावायचे.

एकदा एका कचेरीत उमेदवार पाहिजे होते. मंडळाची तीन मुलं एकाच दिवशी बोलावली. कोट एक! मुलांनी तोड काढली. पहिला आत जाऊन आला की कचेरीमागच्या चिंचेखाली कोट काढायचा, दुसऱ्यानं चढवायचा. पहिला बुटका होता, त्याच्या गुडघ्यापर्यंत कोट आला. दुसरा जाडा, बटणं लागेनात. तिसरा ताडमाड उंच, बाह्या कोपरापाशी संपल्या.

कचेरीचा हेडक्लार्क फार सावकाश बघणारा माणूस. त्यानं तिघांना शांतपणे प्रश्न विचारले. तिसरा निघाला तेव्हा चष्मा काढून म्हणाला, "मुलं राहू देत. कोटाला उद्यापासून कामावर पाठवा."

मामलेदारांना हे कळलं तेव्हा ते रागावले असं कुणी समजू नये. "पाठवतील नाहीतर काय!" ते म्हणाले. "तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय त्यानं."

* * *

मास्तरांचा भर चारित्र्यावर. त्यांनी बाराही मुलांना वह्या दिल्या. रोज संध्याकाळी आपला दिवसभरातला एक दोष लिहायचा आणि रविवारी मोठ्यानं वाचून दाखवायचा. पहिले दोन रविवार बरे गेले. मग मुलांचे दोष संपले. तिसऱ्या रविवारी एकानं वाचलं, "मी बहिणीशी उद्धटपणे बोललो." दुसऱ्यानं वाचलं, "मी बहिणीशी उद्धटपणे बोललो." असे पाच झाले. सहावा उठला, त्यानंही तेच वाचलं.

मी म्हटलं, "अरे, तुला बहीण कुठं आहे?"

पोरगं घाबरून मास्तरांकडे बघायला लागलं. मास्तर मला म्हणाले, "मिस्त्री, मध्ये बोलू नका. कबुली महत्त्वाची. बहिणीचं नंतर बघू!"

परशाच्या वहीत रोज एकच ओळ असायची. "आज लाकूड वाकडं कापलं." महिनाभर तीच. एका रविवारी शेवटचं पान कोरं निघालं.

"कालचा दोष?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, मास्तर."

"नाही? एकही नाही?"

"काल सरळ कापलं."

मास्तरांनी तांबड्या शाईनं शेरा मारला, आत्मपरीक्षणात कच्चा.

* * *

माझ्याबद्दल मंडळात तक्रार झाली, की मिस्त्री मुलांना काहीच सांगत नाहीत. खरं होतं. मी सांगत नव्हतो. मी त्यांना चाकाला धाव बसवताना उभं करत होतो.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, कड्यासारखी. ती चाकापेक्षा बोटभर लहान ठेवतात. जाळात लाल केली की वाढते. मग तिघांनी चिमट्यांनी धरून लाकडी चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, चाक करकचून बांधलं जातं. उशीर झाला तर चाक जळलं. घाई झाली तर बोट गेलं. तिथं बोलायला वेळ कुणाला आहे?

मामलेदार इन्स्पेक्शनला आले. पंचा नाकाला लावून लांब उभे राहिले. म्हणाले, "मुलांना तुम्ही नेमका काय उपदेश करता?"

"हात बाजूला घे म्हणतो."

"आणि?"

"आणि घेतला नाही तर ओरडतो."

त्यांनी रिपोर्टात लिहिलं, ह्या केंद्रात उपदेशाचा अभाव आहे.

आता मीच सांगितलेलं बरं. माझ्या तिघांतला एक आठवड्यातच पळाला. वकीलसाहेबांच्या पायाशी जाऊन बसला. म्हणाला, "तुम्ही काय वाटेल ते शिकवा, साहेब. पण त्या म्हाताऱ्याच्या घणाकडे पाठवू नका." तो पुढं मोठा पुढारी झाला.

* * *

एकदा मामलेदारांच्या मनात आलं, मुलांचं शरीर कमावायचं. सगळ्या मुलांनी हुबळीहून धारवाडपर्यंत पायी चालायचं. आघाडीवर स्वतः मामलेदार, हातात काठी, पायात पट्ट्या. दुसऱ्या मैलाला ते थांबले आणि म्हणाले, "मी पुढं जाऊन रस्ता बघतो." आणि टांग्यात बसले! टांगा पुढं, मुलं मागं धूळ खात. टांग्यातून अधूनमधून ओरडायचे, "छाती पुढं! श्वास नाकानं!"

चार मैल गेल्यावर परशा एकदम पळत सुटला. "निल्सु! निल्सु!" म्हणून टांगेवाल्याला ओरडायला लागला. म्हणजे थांबव, थांबव. बाकीच्यांना वाटलं ऊन लागलं. टांगा थांबला तेव्हा डावं चाक अर्धं निसटलेलं. आसाच्या टोकाला खीळ असते, चाक धरून ठेवणारी. ती केव्हाच पडली होती. चाक कसं डुलतंय ते एवढ्या मुलांत ह्या एकालाच दिसलं. पुढं उतार होता आणि उताराला ओढा.

परशानं खिशातून चाकू काढला, रस्त्याकडेच्या बाभळीची फांदी तोडली, तासून खीळ केली, दगडानं ठोकून बसवली. टांगा धारवाडला सुखरूप पोचला. मामलेदारांनी तिथं भाषण केलं, "आम्ही चालत आलो."

रविवारी बैठकीत त्यांनी विषय काढला. "हा मुलगा खिशात चाकू बाळगतो! हत्यार! असल्या मुलाची शिफारस करायला माझा विरोध राहील."

मी म्हटलं, "त्यानं चाकू काढला नसता तर तुम्ही ओढ्यात असता."

"तो मुद्दा वेगळा," मामलेदार म्हणाले.

टांगेवाला मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानी आला. मी लोखंडी खीळ घेतली नि बाभळीची काढायला वाकलो. त्यानं माझा हात धरला. "मिस्त्री, असू दे ती. घट्ट बसलीय."

* * *

दिवाळी जवळ आली. धारवाडच्या जागेसाठी नाव पाठवायचं होतं. मी परशाचं नाव घेतलं. मास्तरांनी त्यांच्या तिघांतल्या एकाचं घेतलं. मामलेदारांनी चाकूची आठवण करून दिली. वकीलसाहेब म्हणाले, "आपण न्यायानं जाऊ. परीक्षा घेऊ."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "माझ्या दुकानात घ्या. लाकूड मी देतो."

"छे, छे! निबंध लिहायचा. विषय, श्रमाची थोरवी."

सुतारकामाच्या जागेसाठी निबंध! तपासणारे तिघे. मला वगळलं, कारण कारागिराला निबंधातलं काय कळणार?

वकीलसाहेबांच्या पुतण्यानं सात पानं लिहिली. त्यात दोन संस्कृत श्लोक. परशानं तीन ओळी लिहिल्या. त्या मला पाठ आहेत. "लाकूड जड असतं. दोघांनी उचलावं. एकट्यानं उचललं तर पाय जातो." मास्तर म्हणाले, "विषय सोडून लिहिलंय."

जागा पुतण्याला मिळाली.

मी तेव्हा उठून हात जोडायला पाहिजे होते, असं आमच्या घरातली अजून म्हणते. मला हात जोडता येत नाहीत. मी पायताण घातलं आणि घरी आलो.

सोमवारी परशाचा मामा येणार होता. रविवारी सकाळी वकीलसाहेबांचा गडी निरोप घेऊन आला, पुतण्या धारवाडला निघालाय, ट्रंक जड आहे, तुमचा अळणावरचा मुलगा पाठवा. माझं डोकं फिरलं. मी परशाला म्हटलं, "जायचं नाही. तू काही हमाल नाहीस."

तो रंध्याचं पातं पुसत होता. पुसून ठेवलं आणि म्हणाला, "जातो, अण्णा. परवापासून लाकडंच वाहायची आहेत. आज एक ट्रंक."

"अरे, पण त्याची?"

"शाळा तरी बघतो बाहेरनं."

गेला.

दुपारी मी वकीलसाहेबांकडे गेलो. मंडळात राहत नाही एवढं सांगायला. ते झोपाळ्यावर बसले होते. माझं अर्धं बोलणं झालं नाही तोच पुतण्या दारात उभा! घामानं निथळत होता, टोपी तिरकी, नव्या बुटांवर धूळ. आल्या आल्या खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "काका, माझ्यावर अन्याय झाला! ह्या मिस्त्रींसमोरच सांगतो."

"झालं काय? परत का आलास?"

"तो तिथला सुपरिंटेंडंट. म्हातारा आहे, नुसता कन्नड बोलतो. मी तुमची चिठ्ठी दिली. त्यानं वाचली आणि बाजूला ठेवली. मग एक फळी पुढं टाकली, म्हणाला, सरळ कर. मी त्या परशाला म्हटलं, कर. परशानं ट्रंक खाली ठेवली, रंधा घेतला नि केली फळी सरळ. म्हाताऱ्यानं काटकोन मोजायचा गुण्या लावून बघितली. उलटी करून बघितली. उजेडाला धरून बघितली. इतका वेळ काय बघायचं, काका? फळीच ती!"

"पुढं सांग."

"मग विचारलं, यारु कलियाव? शिकणारा कोण? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, शिकणारा मी. रंधा मारणारा हा."

वकीलसाहेबांनी झोपाळा थांबवला. "मग?"

"मग म्हणतो, रंधा मारणाऱ्यानं आत यावं. शिकणाऱ्यानं घरी बसून शिकावं. आणि पुस्तकात परशाचं नाव लिहायला घेतलं की हो!"

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"ते राहू दे, काका," पुतण्या रडकुंडीला येऊन म्हणाला. "येताना ट्रंक मला उचलावी लागली. स्वतः! पार स्टेशनापर्यंत!"